जुना बूमबॉक्स पुन्हा वाजता करताना

रेडिओ, कॅसेट वाजवणारे आणि भरणारे यंत्र, अॅम्प्लिफायर आणि स्पीकर हे सारे एकाच पेटीत बसवून वर मूठ लावलेला, विजेवर आणि सेलवर चालणारा संच म्हणजे बूमबॉक्स. भारतात हे नाव फारसे रुळले नाही. घरोघरी तो ‘टू-इन-वन’ किंवा नुसता ‘टेप’ म्हणूनच ओळखला गेला. जपानमध्ये रेडिओ आणि कॅसेट या शब्दांची मोडतोड करून ‘राजिकासे’ हे नाव पडले. संग्राहकांचा मुख्य ओढा १९७० च्या दशकाच्या मध्यापासून १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत बनलेल्या संचांकडे असतो, कारण पत्र्याची जाळी, जाड प्लास्टिक, सुया हलणारी मीटरे आणि धातूच्या चौकटीवर उभारलेली कॅसेटची यंत्रणा हे सगळे एकत्र याच काळात मिळते. पुढच्या संचांत पेटी हलकी झाली आणि आतली यंत्रणा बरीचशी प्लास्टिकची.

या संचाचा पाया कॅसेट. फिलिप्स कंपनीने ती १९६३ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात लोकांसमोर आणली. बेल्जियममधल्या हासेल्ट इथे लू ओटेन्स यांच्या गटाने तिची घडण केली होती. यंत्र खिशात मावले पाहिजे, म्हणून ओटेन्स यांनी कोटाच्या खिशात बसेल असा लाकडी ठोकळा कापून घेतला आणि त्याच्या मापावरून काम सुरू केले. फितीची रुंदी ३.८१ मिलिमीटर आणि वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर ठरला. फिलिप्सने हे तंत्र इतर कंपन्यांना शुल्क न घेता वापरू दिले, मात्र मापांत बदल करता येणार नाही या अटीवर. ती अट फार मोलाची ठरली. मुंबईत भरलेली कॅसेट जपानी यंत्रात तशीच वाजते, आणि पन्नास वर्षांपूर्वीची कॅसेट आजही कुठल्याही चालू संचात बसते, ती या अटीमुळेच.

रेडिओ आणि कॅसेट एकत्र आणणारे संच फिलिप्सने १९६६ च्या सुमारास काढले. पण या वस्तूला खरा आकार दिला जपानी कंपन्यांनी. तिथे रेडिओवरची गाणी घरी भरून घेण्याचा छंद इतका पसरला होता, की एफएमवर कोणते गाणे कधी लागणार याची वेळापत्रके छापणारी पाक्षिके निघत. सोनी, मात्सुशिता, जेव्हीसी, शार्प, हिताची, सान्यो, आयवा आणि तोशिबा यांच्यात चढाओढ लागली. एका स्पीकरचे दोन झाले, मग चार, मग सहा. फितीचे प्रकार निवडण्याची कळ, गाण्यांमधली शांतता ओळखून पुढच्या गाण्यावर थांबणारी यंत्रणा, आवाज रुंद भासवणारे परिपथ अशी भर पडत गेली.

अमेरिकेत हा संच रस्त्यावर आला. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९७३ पासून डीजे कूल हर्क यांच्यासारख्यांनी गाजवलेल्या पार्ट्यांमधून हिप-हॉप संगीत उभे राहिले. त्याच्या तबकड्या बाजारात येण्याआधी ते हातोहात फिरणाऱ्या कॅसेटांवर पसरले, आणि त्या वाजल्या खांद्यावर घेतलेल्या बूमबॉक्सवर. एलएल कूल जे यांच्या ‘रेडिओ’ या १९८५ च्या संग्रहाच्या वेष्टनावर दुसरे कुणी नाही, फक्त जेव्हीसीचा आरसी-एम९० आहे. स्पाइक ली यांच्या १९८९ च्या ‘डू द राइट थिंग’ चित्रपटातील रेडिओ रहीम या पात्राच्या हातातला संच आज वॉशिंग्टनमधील आफ्रिकी-अमेरिकी इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात जपलेला आहे.

कोकण, गोवा आणि केरळच्या किनाऱ्यावर टू-इन-वन आला तो आखातातून. १९७० च्या दशकात तेलाचे दर वाढले, तिकडे कामगारांची मागणी वाढली आणि सुट्टीवर परतणाऱ्या माणसाच्या सामानात नॅशनल पॅनासॉनिकचा संच हमखास दिसू लागला. तो घरात मानाच्या जागी ठेवला जाई, वर विणलेले झाकण घातले जाई. त्यावर गाणी, भजने, कव्वाल्या तर वाजतच, शिवाय आवाज भरलेल्या कॅसेट पत्राऐवजी आखातात जात आणि तिकडून येत. लिहिता-वाचता न येणाऱ्या घरांसाठी ही सोय किती मोठी होती, हे आजच्या पिढीला सांगावे लागते. जुना संच आणि त्यासोबतचे कॅसेटचे खोके मिळाले तर खोके टाकू नये, ते याचसाठी. बाजारी गाण्यांच्या कॅसेटांत एखादी घरी भरलेली कॅसेट निघते आणि तिची दुसरी प्रत जगात कुठेच नसते.

संग्राहकांच्या जगात काही संचांना विशेष मान आहे. आरसी-एम९० हा त्यांतला अग्रणी. त्याची कॅसेटची यंत्रणा हलक्या स्पर्शाच्या कळांवर चालते आणि आवाज घरच्या मोठ्या संचाच्या तोडीचा आहे. जेव्हीसीच्याच आरसी-५५० मध्ये एका बाजूला २५ सेंटिमीटर व्यासाचा स्पीकर आहे. तो स्टिरिओ नाही, पण त्याचा खर्ज छातीत जाणवतो. शार्प जीएफ-७७७ मध्ये दोन कॅसेटची सोय आणि सहा स्पीकर आहेत. शार्पच्याच व्हीझेड-२००० मध्ये तबकडी उभी बसते आणि ती न उलटता तिच्या दोन्ही बाजू वाजतात. कोनियन सी-१००एफ या अवजड संचात कुणी हलवले तर ओरडणारी चोरघंटा आहे. नव्या संग्राहकाने मात्र या नावांमागे लागण्याची घाई करू नये. फिलिप्सचा एखादा साधा संच किंवा घरातच माळ्यावर पडलेला नॅशनल दुरुस्ती शिकायला जास्त चांगला. त्याचे सुटे भाग सोपे असतात आणि चूक झाली तरी दुर्मीळ वस्तू बिघडत नाही.

मुंबईत चोर बाजार आणि पुण्यात जुना बाजार ही अशा संचांची नेहमीची ठिकाणे. सुट्या भागांसाठी मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तपकीर गल्ली. संच घेताना आवाजापेक्षा आधी सेलचा कप्पा उघडून पाहावा. तिथे पांढरी-हिरवी भुकटी आणि खाल्लेल्या स्प्रिंगा दिसल्या तर गळती आत बोर्डापर्यंत गेली आहे का, हे तपासावे लागते. मग अँटेना, बटणे, कॅसेटचे दार आणि मीटरांची काच पाहावी. आतला बिघाड बहुधा दुरुस्त होतो. हरवलेले बटण किंवा तडकलेले दार मात्र त्याच मॉडेलच्या दुसऱ्या मोडक्या संचाखेरीज सहसा मिळत नाही, म्हणून अनुभवी लोक मोडके संचही घेऊन ठेवतात. खोक्यावर लिहिलेल्या वॅटच्या आकड्यावर जाऊ नये. पीएमपीओ म्हणून छापलेले शेकडो वॅट क्षणिक आणि फुगवलेले असतात. बहुतेक संचांची टिकाऊ ताकद प्रत्येक बाजूला काही वॅटच असते, आणि चांगल्या पेटीतल्या मोठ्या स्पीकरला तेवढी खोलीभर आवाजाला पुरते.

विक्रेता संच लगेच विजेला जोडून दाखवू पाहतो. परदेशी संच असेल तर हात थांबवावा. जपानी बाजारातला संच १०० व्होल्टचा, अमेरिकी १२० व्होल्टचा असतो. भारतातल्या २३० व्होल्टवर तो जोडला की ट्रान्सफॉर्मर जळायला क्षणही पुरतो. निर्यातीच्या पुष्कळ संचांच्या मागे व्होल्ट निवडण्याची चकती असते आणि ती कुठे लावली आहे, हे पहिल्यांदा पाहायचे. जपानी संचात दुसरीही अडचण आहे. त्याचा एफएम पट्टा ७६ ते ९० मेगाहर्ट्झ, तर भारतातला ८८ ते १०८. त्यामुळे इथली जवळजवळ सगळी केंद्रे डायलच्या बाहेर राहतात. ऐंशीच्या दशकात भारतात बनलेल्या पुष्कळ संचांवर एफएम नाहीच. तेव्हा इथले श्रोते मीडियम वेव्हवर आकाशवाणी आणि शॉर्टवेव्हवर रेडिओ सिलोन ऐकत. ही त्या संचांची उणीव मानू नये. त्यांच्या डायलवर त्या काळच्या ऐकण्याचा नकाशाच छापलेला आहे.

चाळीस वर्षे पडून राहिलेला संच सुरुवातीला थेट प्लगला लावू नये. सेलच्या टोकांना, प्रवाहावर मर्यादा घालता येईल अशा पॉवर सप्लायने वीज द्यावी. आठ सेलच्या संचाला १२ व्होल्ट, दहाच्या संचाला १५. विजेवर लावण्याची वेळ येईल तेव्हा इलेक्ट्रिशियन वापरतात तो सिरीज बोर्ड मध्ये घालावा. आत शॉर्ट असेल तर बोर्डावरचा दिवा भक्कन पेटतो आणि संच वाचतो. उघडताना स्क्रू कुठून निघाला, वायर कुठे लागली होती याचे फोटो घ्यावेत. पुढची जाळी, मागची पेटी आणि बोर्ड यांना जोडणाऱ्या वायरी आखूड असतात. झटका दिला की तुटतात आणि मग कोणती कुठली हे शोधण्यात संध्याकाळ जाते.

‘रेडिओ चालतो, टेप चालत नाही’ असे सांगितलेल्या संचात दोष बहुधा बेल्टचा असतो. मोटरची फिरकी रबरी बेल्टमधून जड चक्राला आणि त्यातून कॅपस्टन या पोलादी दांडीला मिळते. ही दांडी आणि पिंच रोलर नावाचा रबरी रोलर यांच्या चिमटीत फीत पुढे सरकते. जुना बेल्ट कधी सैल होतो, कधी लांबून तुटतो. पण कधी कधी त्याचे रबर विघटित होऊन चक्क डांबर होते. मागचे झाकण काढल्यावर चक्राच्या कडेला काळी, चकाकणारी, चिकट रेघ दिसते. बोट लावले की तार निघते, आणि ते बोट पुढे जिथे लागेल तिथे काळा डाग पडतो. ही घाण कापसाच्या काड्या आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन शांतपणे काढावी लागते. चक्र, मोटरची पुली, मधली खाच, आजूबाजूचा पत्रा, सगळे लख्ख होईपर्यंत. थोडी जरी राहिली तरी नवा बेल्ट तिथे पकडतो आणि सुटतो, आणि आवाज लहरत राहतो. नव्या बेल्टचे माप दोऱ्याने घ्यावे. पुल्यांभोवती दोरा फिरवून जी लांबी येते त्याहून साधारण ५ टक्के कमी घेराचा बेल्ट बसतो. फार घट्ट बेल्ट लावणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक. त्याने मोटरच्या बेअरिंगवर ताण येतो.

पिंच रोलर वर्षानुवर्षे फितीवर घासून काचेसारखा गुळगुळीत होतो. मग फीत त्याच्यावरून घसरते किंवा एका कडेला सरकून आत गुंडाळली जाते. ‘टेपने कॅसेट खाल्ली’ असे घरात म्हणत, ते हेच. गुंतलेली रीळ कात्रीने न कापता हळूच सोडवून पेन्सिलीने गुंडाळण्याचे कसब त्या काळी घरोघरी होते. रोलर हलक्या पॉलिश कागदाने घासून त्याचा मऊपणा परत येतो का ते पाहावे, नाही तर बदलावा. रीळ मागे-पुढे पळवणाऱ्या छोट्या चाकाच्या रबरी टायरचेही तसेच. तेल फक्त दांडीच्या बेअरिंगमध्ये, सुईच्या टोकाने, एक थेंब. रबरावर तेल लागले की सारे काम पहिल्यापासून.

यंत्रणा फिरू लागली की वेग तपासायचा. वेग ६ टक्क्यांनी वाढला तर पांढरी एकमधले गाणे काळी एकमध्ये जाते, आणि ओळखीच्या गायकाचा आवाज परका वाटतो. त्यासाठी ३००० किंवा ३१५० हर्ट्झचा एकच स्वर भरलेली चाचणी-कॅसेट मिळते. ती वाजवून मोबाइलवरच्या मापक ॲपमध्ये आकडा पाहत मोटरच्या मागच्या बारीक छिद्रातला स्क्रू किंचित फिरवतात. आकडा सरासरीने बरोबर असूनही तो सतत वर-खाली होत असेल, तर वेग नव्हे, रबर किंवा बेअरिंग पाहावे.

मग हेड. त्यावर साचलेली तपकिरी ऑक्साइडची भुकटी अल्कोहोलने पुसली की पुष्कळदा दबलेला आवाज मोकळा होतो. तरीही तो गोधडीतून आल्यासारखा वाटला, तर हेडची बैठक तिरपी झालेली असते. हेडच्या मध्यभागी डोळ्याला न दिसणारी उभी फट असते आणि ती फितीशी काटकोनात असावी लागते. हे किती नेमके हवे ते एका हिशेबातून कळते. १० किलोहर्ट्झच्या स्वराची एक लहर फितीवर अवघी ४.७६ मायक्रोमीटर लांब उमटते. स्टिरिओ फितीवर एका बाजूच्या एका चॅनलची पट्टी ०.६ मिलिमीटरच्या आसपास रुंद असते. तेवढ्या रुंदीत अर्ध्या अंशाहून कमी तिरपेपणा आला तरी हा स्वर हेडपर्यंत पोचता पोचता स्वतःलाच छेदून नाहीसा होतो. तानपुऱ्याची झणकार, झांजेची चमक, ‘स’ आणि ‘श’ चा धारदारपणा सगळे याच भागात राहते. हेडच्या एका बाजूला स्प्रिंगवर बसवलेला स्क्रू असतो. चाचणी-कॅसेट वाजत असताना तो अगदी थोडा थोडा फिरवायचा. एका क्षणी आवाजावरचा पडदा सरकतो, पुढे गेले की पुन्हा पडतो. तो मधला क्षण पकडून स्क्रूवर लाखेचा किंवा नेलपॉलिशचा थेंब ठेवायचा, म्हणजे तो हलत नाही. संपूर्ण दुरुस्तीत इतका मोठा फरक इतक्या कमी खर्चात दुसऱ्या कशानेही पडत नाही. जे फक्त बाहेरून चकचकीत करून संच विकतात, त्यांनी ही पायरी गाळलेली असते.

आवाज फिरवताना खरखर, एक बाजू बंद, मध्येच शिट्टी अशा तक्रारींचे मूळ बहुधा संपर्कांत असते. व्हॉल्यूम आणि टोनच्या कंट्रोलमध्ये संपर्कांसाठीचा क्लीनर फवारून ते वीसेक वेळा फिरवावेत. वाजवणे आणि भरणे यांत बदल करणारा लांबट सरकता स्विच बोर्डाच्या आत लपलेला असतो. त्याचे डझनभर संपर्क काळे पडले की तो नाना तऱ्हेचे रोग दाखवतो आणि अनेकजण विनाकारण आयसी बदलत बसतात. आधी हा स्विच साफ करावा, मग पुढचा विचार. गंजलेल्या बिजागरीवर मारतात ते साधे तेलकट स्प्रे इथे वापरू नयेत. त्यांचा थर उरतो आणि धूळ पकडतो.

कंडेन्सरबाबत दोन टोकाची मते आहेत. काही जण संच उघडला की सगळे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बदलतात. हे अनेकदा अनावश्यक असते, आणि जुन्या बोर्डावरचे तांब्याचे पट्टे सोल्डरिंग आयर्नच्या उष्णतेने सुटून येण्याचा धोका असतो. गुणगुण येत असेल तर पॉवर सप्लायचे मोठे कंडेन्सर बदलावेत. खर्ज हरवला असेल तर स्पीकरकडे जाणारे पाहावेत. बाकीचे ईएसआर मीटरने मोजून दोषी ठरले तरच काढावेत. बदलताना ध्रुव उलटे लागू नयेत. रेडिओच्या भागातल्या रंगीत आयएफ कॉइलना तर, मोजण्याचे साधन नसेल तर, हातच लावू नये.

सेल गळून झालेली खराबी सेलच्या प्रकाराप्रमाणे साफ करतात. अल्कलाइन सेलमधले द्रव्य अल्कधर्मी, म्हणून व्हिनेगर किंवा लिंबाचा रस. जुन्या कार्बन-झिंक सेलचे किंचित आम्लधर्मी, म्हणून खाण्याचा सोडा. नंतर पाण्याने पुसून पूर्ण वाळवायचे. स्पीकरच्या कागदी कोनला चीर असेल तर पातळ टिश्यू आणि पांढरा गोंद पुरतो. कडेचा फोम भुगा झाला असेल तर त्याच मापाची नवी कड चिकटवतात. डायलचा दोरा तुटला तर नवा ओवण्याआधी मॅन्युअलमधली आकृती शोधावी, कारण दोऱ्याचे वळसे उलटे पडले तर काटा उलट्या दिशेने धावतो.

पेटीची सफाई सर्वांत शेवटी. जाळी आणि बटणे कोमट पाण्यात, भांड्यांच्या साबणाने आणि मऊ ब्रशने धुतात. छापील अक्षरांवर अल्कोहोल लावू नये. ऐंशीच्या दशकातली पांढरी आणि रुपेरी छपाई त्याने पुसली जाते आणि मग तिला परत आणता येत नाही. ओरखडे थोडे राहिले तर राहू द्यावेत. नवा रंग मारलेला संच फोटोत उठून दिसतो, पण जाणकाराच्या दृष्टीने त्याची किंमत घटलेली असते.

ब्लूटूथ बसवावे की नाही, यावर संग्राहकांत कायम वाद असतो. पेटीला भोक पाडून किंवा कॅसेटची यंत्रणा काढून टाकून केलेला बदल संचाचे नुकसानच करतो. मागे लाइन-इनची किंवा पाच पिनांची जुनी डिन सॉकेट असेल तर तिथे बाहेरून छोटा ब्लूटूथ रिसीव्हर लावता येतो, आणि काढला की संच होता तसा. परत फिरवता येईल तेवढाच बदल, हाच नियम सुरक्षित आहे.

दुरुस्त झालेला संच काचेच्या कपाटात बंद करून ठेवला तर काही महिन्यांत पुन्हा बिघडू लागतो. बेल्ट एकाच जागी ताणून राहिला की त्याला बाक पडतो. म्हणून महिन्यातून एकदा तरी कॅसेटची एक बाजू पूर्ण वाजवावी आणि सारे कंट्रोल फिरवावेत. प्ले दाबलेला ठेवून वीज बंद करू नये, कारण रोलर दांडीवर दाबून राहतो आणि त्यावर खळगा पडतो. वापर नसेल तेव्हा सेल काढावेत. कोकणासारख्या दमट हवेत पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या जवळ ठेवाव्यात आणि कॅसेट उभ्या ठेवाव्यात. फितीच्या कडेवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट चांगल्या संचात घालू नये. आधी एखाद्या साध्या संचात मागे-पुढे पळवून, हेड पुन्हा पुन्हा पुसत ती साफ करावी. पुष्कळ कॅसेटांत फितीला हेडवर टेकवणारी नमद्याची गादी गळून पडलेली असते. अशा कॅसेटचे कवच स्क्रूचे असेल तर ते उघडून दुसऱ्या निकामी कॅसेटमधली गादी लावता येते. चिकटवलेले असेल तर फीत काढून स्क्रूच्या कवचात घालावी लागते. घरच्या माणसांचे आवाज भरलेली कॅसेट असेल, तर ती पहिल्यांदा वाजवतानाच संगणकावर भरून घ्यावी. जुनी फीत दुसऱ्यांदा वाजेल याचा भरवसा नसतो.